किलोचा भाव

भद्रकालीत माझं दुकान. दुकान म्हणजे
एक काटा, दोन पत्र्याची दारं, मध्ये भंगार.
स्टील वेगळं, पितळ वेगळं.
नाव कुणाचंही असो, भाव एकच.

हंसा दंताणी आली तेव्हा वाटलं, विकायला आली.
तिची आई जीवीबेन याच गल्लीतून जायची,
डोक्यावर पाटी, काखेत गाठोडं,
"जुनं कापड द्या, भांडं घ्या."
पंचवटीपासून देवळालीपर्यंत
जिन्याजिन्याला तिचा आवाज पाठ.
नाव एकाही जिन्याला नाही.
ए बोहारीण. झालं.

हंसा ढिगात मांडी घालून बसली.
"गफूरचाचा, नावं घातलेली तेवढी हवीत."
ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं
मी तीस वर्षं तोलली, वाचली नव्हती.

चि. सौ. कां. कुमुद हिस मामांकडून, लोहोणेर.
कै. गंगूबाई यांचे स्मरणार्थ.
प्रेस कामगार सोसायटी, सभासद भेट, १९९१.
बुद्धविहार, वडाळा, पातेलं नग ४.
हळदीकुंकू, पुढचं झिजलेलं.
एका तांब्यावर कमळाबाईच्या जागी कळमाबाई.
चाळीस वर्षं बाईनं त्यातून पाणी प्यालं,
बदलून काही घेतला नाही.

एकशे बारा किलो भरलं.
पैसे देताना तिनं अशी घासाघीस केली
की मी दोनदा दाराकडे बघितलं,
बाहेर जीवीबेनची पाटी टेकवलेली आहे का.

मग तांबट आळीत, एका बंद शेडात,
जिथं आता हातोडा वाजत नाही,
तिनं लोखंडी जाळी उभी केली.
तारेनं बांधलेली सहाशे भांडी.
दार उघडलं की वारा शिरायचा
आणि सगळं घर जेवायला बसल्यासारखी भिंत वाजायची.
शेजारी सुतळीला एक पक्कड.
वर मराठीत, खाली गुजरातीत एकच ओळ:
नाव ओळखीचं निघालं तर न्या. बदल्यात जुनं कापड द्या.

पहिल्या दिवशी लोक हात मागे बांधून फिरले.
कला बघताना बांधतात तसे.
दुसऱ्या दिवशी पिंपळगावचे एक रिटायर कंडक्टर
वाचत वाचत आले आणि अडले.
"हा आमच्या इंदूचा डबा."
पुढे बराच वेळ काही नाही.
मग पक्कड घेतली, तार सोडवली,
गळ्यातला मफलर काढून पुढे केला.
हंसानं तो उजेडाला धरला,
आई लुगडं धरायची तसा, भोकं बघायला.
"विरलाय."
"डब्याला तरी झाकण कुठंय?"
दोघंही हसली. मफलर जाळीला बांधला गेला.

त्यानंतर थांबेचना.
शाळेचा फ्रॉक, एचएएलचा खाकी शर्ट,
नमाजाच्या ओढणीचा काठ,
लेकराचं कुंची-टोपडं,
दहाव्याला गंगेवर नेलेल्या धोतराची उरलेली पट्टी.
कुणी कुणाशेजारी बांधलं, कुणी विचारलं नाही.
पंधराव्या दिवशी वारा आला
आणि भिंत वाजली नाही,
नुसती हलली.

शेवटच्या दिवशी मी काटा घेऊन गेलो.
उरलेलं स्टील एकोणचाळीस किलो.
कळमाबाईचा तांब्या तसाच होता.
तो मी बाजूला काढला, का ते विचारू नका,
आणि खांद्यावरचा रुमाल तिथं अडकवला.
"कापडाचा भाव माझ्याकडे नाही," मी म्हणालो.
"माझ्याकडे आहे," हंसा म्हणाली.

तिनं सगळं सोडवून गाठोडं बांधलं,
चार भांडी पाटीत टाकली, पाटी डोक्यावर घेतली.
ओरडली काही नाही, नुसती चालत होती.
दुसऱ्या मजल्यावरून कुणी हाक दिली,
"ए भांडेवाली, काय आहे गं?"

हंसा थांबली.
मान हलवता येत नव्हती, डोळे तेवढे वर केले.
म्हणाली,
"नाव सांगा."