दीड व्होल्ट

दोन घरांची एक गाडी. सात सीटांची.
सोमवार ते गुरुवार आमच्याकडे, धायरीला,
शुक्रवारपासून दिरांकडे, वारज्यात.
किल्ली वॉचमनच्या टेबलावरून जाते-येते,
तिच्यासोबत तक्रारी:
गॅस कुणी भरला, सीटवर भेळ कुणी सांडली,
पुढच्या डाव्या दाराचा स्पीकर
कुणाच्या पोरांनी फाडला.

फाटला होता खरा.
बातम्या वाचणारी बाई
घशात माशी अडकल्यासारखी बोलायची.
नव्या जोडीचा विषय मार्चात निघाला,
मे संपताना दोघे भाऊ एकदाचे
तपकीर गल्लीत गेले,
दोन वेगळ्या स्कूटरींवरून.

हे म्हणाले, शब्द कळले पाहिजेत.
भाऊजी म्हणाले, छातीत वाजलं पाहिजे.
मन्सूरभाई म्हणाले, दाराची खोली मोजलीत का?
कुणीच मोजली नव्हती.
तरी घेऊन आले. मागं चुंबक
खोबऱ्याच्या वाटीएवढं.
काच अर्ध्यावरून खाली येईना.
भाऊजी म्हणाले, एसी आहे की.
हे म्हणाले, पार्किंगची पावती काय नाकानं घेऊ?
चौथ्या दिवशी बदलून पातळ आणले.
त्यात तीनशे रुपये बुडाले,
त्यांचा हिशोब अजून चालू आहे.

रविवारी, खाली, मीटरच्या पेट्यांशेजारी
दाराचं पॅनेल उघडलं माझ्या उलथन्यानं.
उलथनं वाकलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.
आत चिखलाची पापडी, निळी केसांची पिन,
आणि रेवाच्या पैंजणाचं घुंगरू,
ज्याला आम्ही आठ वर्षं
गाडीची खडखड समजत होतो.

उजवं दार ह्यांनी जोडलं, डावं भाऊजींनी,
एकमेकांना न विचारता.
लाल-काळ्या वायरी असत्या तर गोष्ट वेगळी,
इथं एक तपकिरी,
आणि दुसरी तपकिरीच, तिला एक रेघ.

लावलं. वाजलं. दोन्ही वाजले, स्वच्छ वाजले.
पण मधे बसलं की नुसती पोकळी,
ढोल कुठंतरी पुलापलीकडे.
डावीकडे वाकलं की भाऊजींचा चांगला,
उजवीकडे वाकलं की ह्यांचा.
माझा तर वाजतोय.
माझाही वाजतोय.

लग्नाआधी चार वर्षं भोसरीत
मी टीव्हीचे बोर्ड जोडायचे,
दिवसाला एकशे ऐंशी.
सोल्डरचा वास अजून स्वप्नात येतो.
मी हे लपवलं नव्हतं,
कधी कुणी विचारलं नव्हतं.
वर गेले, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.

दीड व्होल्ट. वायरींच्या टोकांना नुसता टेकवायचा.
पडदा पुढे आला तर सुलटा,
मागे गेला तर उलटा.
ह्यांचा पुढे आला, फुलका धरतो तेवढाच फुगार.
भाऊजींचा आत गेला,
काही बोलायला श्वास घ्यावा आणि राहून जावं तसा.

म्हणजे मी चुकलो, भाऊजी म्हणाले.
मी म्हटलं, दोन्ही उलटे असते तरी चाललं असतं.
एक ढकलतो तेव्हाच दुसरा ओढतो,
मधल्या हवेनं करायचं काय?

हे बराच वेळ मीटरच्या पेट्यांकडे बघत राहिले.
मग माझ्या हातातला टॉर्च घेतला,
डाव्या दाराशी जाऊन उकिडवे बसले.
दिगू, दिसतंय का?
अजून थोडा खाली धर, दादा.

टेप दातानं तोडली.
ढोल आला. डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला,
तिथल्या गणपतीच्या पायाशी.

सेल भाऊजींच्या खिशातून वारज्याला गेला.
आमचं घड्याळ तेव्हापासून
पाचला वीस कमी दाखवतंय.
दर सोमवारी ते किल्ली घेऊन वर येतात,
वॉचमनकडे ठेवत नाहीत.
सेल विसरलो म्हणतात.
बसतात. चहा घेतात.
नवा सेल खालच्या दुकानात पंधरा रुपयांना मिळतो,
तिघांनाही ठाऊक आहे.