तीन हायस्कुलं

शनिवारच्या पेपरात तक्ता आलाय,
काउंटीतल्या तिन्ही हायस्कुलांचा:
गणित, वाचन, किती पोरं शेवटपर्यंत टिकली.
मेरिडन पहिलं, ऑटर क्रीक दुसरं, हार्लो तिसरं.
शेवटचं असं लिहिलेलं नाही, तेवढा सभ्यपणा आहे.

मी वर्षातून एकदा तिन्हीकडे जातो,
आग विझवायची नळकांडी तपासायला.

मेरिडनला ती काचेच्या कपाटात असतात,
सील शाबूत, धूळसुद्धा नाही.
सही कुठे करायची ते बोटानं दाखवतात.

ऑटर क्रीकला रसायनशास्त्राचे मास्तरच बस चालवतात;
डकोटाकडून वारा सुटला, रस्ता बर्फानं बुजला
की पहिला तास दहाला.
प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच खिशात,
म्हणून मीही थांबतो, कॉफी पीत, बॉयलरला पाठ लावून.

हार्लोत यंदा बारावीला चौघं.
वेल्डिंगच्या शेडमधलं नळकांडं हलकं लागलं.
लाल पत्र्यावर खडूनं लिहिलेलं:
‘चिंधी पेटली होती. वापरलं. सॉरी.
रोवीना टॉलेफ्सन.’
खाली तारीख, वेळ,
आणि ‘कुणाला लागलं नाही.’

मी ते भरून परत टांगलं.
खडू पुसायला फडकं काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ठीक.
तिन्हीकडे तेच लिहितो.

माझा धाकटा ऑगस्टपासून मेरिडनला जातो.
रोज बावीस मैल. अर्ज मीच भरला.

हार्लोच्या जिन्यात ब्याऐंशी सालचा फोटो आहे.
दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा,
डोळे मिटलेले.