पत्ता: साडेसात

सात नंबर मिसेस मातुलिचचा.
आम्ही मागे, गॅरेजात: साडेसात.
पोस्टमन त्या अर्ध्याला मानतो.
वीज कंपनी मानत नाही.

आलो तेव्हा तिबुर्सिओनं टेबलावर पैसे मांडले:
पहिला महिना, शेवटचा महिना, डिपॉझिट.
पहिला समजला.
डिपॉझिट म्हणजे भिंतीला खिळा मारायचा नाही, तेही समजलं.
शेवटचा?
"जाल तेव्हाचा," म्हातारी म्हणाली,
आणि बोटाला थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या.
गाडीतून गादीसुद्धा उतरवली नव्हती अजून.

समुद्र इथून पाच मैल.
सहा वर्षांत मी दोनदा पाहिला.
तो मात्र रोज येतो
पहाटे, धुकं होऊन, भाडं न भरता,
वाफ्यांवर, मोज्यांत, मानेवर,
गॅरेजच्या दाराखालच्या फटीतून आत.
दहाला उठून जातो.
आम्ही तोवर वाकलेलेच.

स्ट्रॉबेरीचा देठ राहू द्यायचा, नख लागू द्यायचं नाही,
आठ डब्यांचं एक खोकं,
खोकं ढकलगाडीवर, आणि पळायचं.
रात्री मी भाडं खोक्यांत मोजते:
खिडकीची इतकी. दाराची तितकी.
नोएमीच्या खोकल्याची वेगळी.

तोडलेली बेरी तासाभरात थंड खोलीत पोचते.
तिची खोली तयारच असते.
हे मी कडवटपणे म्हणत नाही.
थोडं म्हणते.

पुढच्या घरात, हॉलमध्ये पडद्यामागे, म्हातारा फिदेन्सिओ,
लेट्यूसमागोमाग हिवाळ्यात वाळवंटाकडे जाणारा.
आणि माळ्यावर, सप्टेंबरपासून, मिस गॅलॅघर.
नोएमीच्या वर्गाची बाई.

पहिल्या सकाळी बाथरूमच्या रांगेत
नोएमी हात मागे बांधून म्हणाली,
"गुड मॉर्निंग, मिस गॅलॅघर."
मिसच्या तोंडात फेस होता.

तिच्याकडे दोन पदव्या आणि एक शेगडी.
जिन्यावरून रोज नूडल्सचा वास.
एकदा मी वाटीभर बीन्स वर पाठवले.
वाटी परत आली, आत रंगीत खडू.
रिकामी वाटी परत करू नये,
हे तिला कुणी शिकवलं असेल?

वर्गात तिनं फॉर्म वाटले: पत्ता लिहा.
नोएमीनं लिहिलं साडेसात, आकड्यात.
मिस म्हणाली, "अर्धा छान काढलास.
अपूर्णांक तर अजून शिकवलेच नाहीत मी."

मे महिन्यात भाडं वाढलं.
माळ्याचं दोनशेनं, आमचं दीडशेनं.
मिसेस मातुलिच कागद देताना जिन्याकडे बघत होती:
"मुलगा म्हणतो, छप्पर बदलायचंय."
तिच्या सासऱ्याची इथे सफरचंदांची बाग होती.
तीही आता कंपनीला भाड्यानं, प्लॅस्टिकखाली.
लांबून बघितलं तर पाणी वाटतं ते प्लॅस्टिक.

मिसनं शेवटचा महिना माळ्यावर काढला,
आधीच भरलेला.
त्या महिन्यात ती उगाच हसायची,
कुणी पाहुणी म्हणून ठेवून घेतल्यासारखी.
मग गादी छोट्या गाडीच्या टपावर.
फिदेन्सिओनं दोरी आवळली, खोक्यांना मारतात तीच गाठ.
डोंगरापलीकडे जाते म्हणाली,
तिथे भाडं कमी आणि ऊन जास्त,
रोज दीड तास गाडी चालवून येईन.
सप्टेंबरात वर्गावर दुसरीच बाई होती.

आमचाही एक महिना पडून आहे
मिसेस मातुलिचच्या कपाटात.
कधी काढायचा, ते आम्ही बोलत नाही.
"झोपलीस?" तिबुर्सिओ विचारतो.
मी खोकी मोजत असते.

परवा नोएमीनं दाराला आतून
मिसच्या खडूनं घर काढलं.
खिळा नाही, डाग नाही, फडक्यानं निघेल.
रात्री फटीतून समुद्र आला.
सकाळी खालचं अर्धं घर पुसलेलं.
दप्तर पाठीवर तसंच ठेवून
तिनं तेवढं पुन्हा काढलं.