साडेदहाचं भूत

कुंद्याच्या डब्याखाली चार कागद दाबून ठेवलेत,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.
भाची आलीय पुण्याहून, मृदुला, दोन रात्रींसाठी,
आणि तिला बेळगावची भुतं बघायचीत.
"मामी, तू सांग की, यातली खरी कुठली?"

किल्ल्याची फेरी साडेसातला, खंदकाच्या काठानं.
पाचशे रुपये, टॉर्च त्यांची, चहा त्यांचा.
चालवणारा मल्लेश हुद्दार दिवसा सोसायटीत कारकून.
त्याच्या भुताला मुंडकं नाही.
एका अर्थी सोय आहे ती.
आमच्याकडं कुणीही भेटलं की आधी बघतात
तोंड कुठल्या भाषेत उघडतंय.

कॅम्पातली रॉनी फर्नांडिसची. गोऱ्यांचं कबरस्तान,
पटकीनं गेलेली एक मडम,
तिची घोडागाडी पावणेदहाला येते म्हणे, मिनिट चुकत नाही.
मी वडगावच्या बसची वाट बघण्यात जन्म घातला.
माझा नाही विश्वास बसत.

तिसरी खानापूरच्या रस्त्यावर, जीपमधून.
वळणावर हात करणारी बाई, शिवाय कोंबडीचं जेवण.
मृदुला त्यातलं जेवणच दोनदा वाचते.

चौथा कागद झेरॉक्स, शाई फिकी,
एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी.
मराठीतल्या भुताचा भु ऱ्हस्व.
कन्नडमध्ये भुताला देव्व म्हणतात.
लहानपणी शेजारची गंगव्वा "देव्व, देव्व" म्हणून भिववायची
आणि मी हात जोडून उभी राहायची.

दीडशे रुपये. विणकरांच्या गल्ल्या, चालत.
शेवटचा थांबा: निळं दार, नळाला बांधलेली चिंधी.
आत मेलेला विणकर रात्री दोनला माग चालवतो,
साडी होत आली, पदर काही संपत नाही.

चिंधी मी बांधलीय. नळ गळतो.

तेहतीस वर्षं त्या खटखटीत झोपले मी.
पाहुणे म्हणायचे, कशी गं झोप लागते?
माग थांबला की जाग यायची, धागा तुटला असणार.
परवाच्या शिमग्याला तो थांबला, आणि मी जागीच.
मग एका रात्री खड्ड्यात पाय सोडून बसले,
ताणा नाही, बाणा नाही,
नुसता धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
बरं वाटलं. वाटलं, आता लागेल डोळा.
चालवणाऱ्याला झोपता येत नाही
हे कळायला मला वर्ष गेलं. इतकी मी शहाणी.

"ही घे," मी म्हटलं, "चौथी."
"स्वस्तातली?"
"स्वस्तातलीच."
"तू पण चल."
"गुडघा."

ती गेली. दार ओळखेल. ओळखू दे.
भूत दोनचं, फेरी साडेदहाला पोचते.
तेवढं पुढं-मागं करता येतं;
पाहुणीसाठी मी जेवण नाही लवकर टाकत?

मागाच्या खोलीचं कुलूप काढलं.
धोट्याला खोबरेल लावलं, दोन थेंब.
दिवा लावला नाही, त्याची सवय मला आहे.
गल्लीच्या तोंडाशी पावलं वाजली, वीसेक असतील,
मग निंगाप्पाच्या पोराचा आवाज,
आधी कन्नडमध्ये दबका, मग मराठीत त्याहून दबका.
एक बाळ रडलं, त्याला कुणी घेऊन गेलं लांब.
मृदुलाचं हसू आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

पावडीवर पाय ठेवला.
खट.
बाहेर सगळं गप्प.
खट खट, खट खट.
आणि दाराशी, अगदी पायरीला लागून,
कुणीतरी चपला काढल्या.