काट्यावरची रांग

सातवा दिवस. प्रोसेसर कार्टमध्ये पडून आहे,
एकोणीस हजार आठशे.
जुन्या खाचेत बसत नाही, म्हणून मदरबोर्ड,
मदरबोर्ड नवा, म्हणून रॅम.
चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला म्हणतात,
इथे कोंबडीही स्वस्त नाही.

कोपरखैरणे, माथाडी वसाहत, रात्रीचे पावणेबारा.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावून मी खेळतो.
जंगलात प्रोसेसर पन्नास टक्के, कार्ड नव्व्याण्णव.
दमलंय कार्ड
आणि टॉनिक प्रोसेसरला.
आग सोमेश्वरी, नि बंब मी वाशीला बघून आलोय.

दुकानातला हितेन गाला म्हणाला, "घेऊन टाक,
पाच वर्षं बघायला नको."
पाच वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता,
या जुन्याबद्दल.

तात्यांना झोप नसते.
"अडलंय कुठं?"
मी सांगू लागलो, एक हिशेब करतो, दुसरा चित्र काढतो, आणि
"म्हंजे हमाल आन् काटा."
एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पाठ दिलीय त्यांनी.
"काटा एकच असल तर हमाल वाढवून काय?
पन्नास किलो घिऊन रांगंतच हुबं.
रांग कुठं लागलीया ते बघ आधी."

जंगल दाखवलं. रांग काट्यावर.
मग बंदरावरचं शहर दाखवलं, जिथे बाजार भरतो,
दोन-तीनशे माणसं, ज्याचं त्याचं चालणं वेगळं,
आकडा साठवरून थेट एकतीस.
कार्ड बिडी ओढत बसल्यासारखं,
प्रोसेसरला श्वास नाही.

"बाजार म्हटला की हमाल लागणारच.
पण तू रोज बाजारात असतोस का रानात?"

हितेनने हे विचारलं नव्हतं.
मीही नाही.
रानातच असतो. एकटा, मावळतीच्या उजेडात, हरणांमागे.
बाजारात फक्त कातडी विकायला,
तेही कधीमधी.

कार्टवर बोट नेलं, तर तात्या म्हणाले,
"थांब. परत ने तिकडं."
चष्मा कपाळावरून खाली आला.
धक्क्यावर एक हमाल, पाय हवेत,
एकतीसच्या आकड्यात अडकून पुढे सरकत नव्हता.
बराच वेळ बघत राहिले.

"मानंवर घेतलीय त्यानं गोणी. मणका जाईल.
खाली घ्यायला सांग, पाठीवर."

तसं सांगता येत नाही, मी म्हटलं.

"मग येवढं म्हाग घिऊन करायचं काय?"