खालचा आकडा

देवगड बंदराच्या वरच्या अंगाला
तारकरांच्या बर्फाच्या फॅक्टरीत
मी पॅनेलच्या दाराला चौकोनी भोक पाडतो.
पत्र्याचा कीस चपलेत जातो.
नवा मीटर भोकात बसतो
आणि पहिल्यांदाच आकड्यात सांगतो
की कॉम्प्रेसर तेहतीस किलोवॅट खातोय.

वरची मर्यादा मालकांना लगेच पटली.
अडतीस. त्यापुढे गेलं की भोंगा.
मोटर जळते म्हणजे काय, ते त्यांनी
दोनदा रिवाइंडिंगचे पैसे मोजून शिकून घेतलंय.

खालची म्हटल्यावर हसले.
"कमी खाल्ल्यान तर बराच मां!
बिल कमी येतला."

मग मी आश्विनातली ती रात्र काढली.
एक वाजता पट्टे तुटले होते.
मोटर फिरत राहिली एकटीच,
कशालाच न बांधलेली, जेमतेम सहा किलोवॅटवर,
आवाजसुद्धा गोड.
ओव्हरलोड रिले समाधानी. फ्यूज शाबूत.
मिठाच्या पाण्यात डबे उभे होते
आणि डब्यांतलं पाणी पाणीच राहिलं.
सकाळी ट्रॉलर लागले, बांगडा उतरला,
दीडशे लाद्या मागायला माणसं आली,
दुपारपर्यंत जेटीवर नाक धरून चालावं लागलं.

त्या महिन्याचं बिल कमी आलं होतं, हे खरं.

मालक चष्मा पुसत राहिले.
"लाव," म्हणाले. "वीस लाव."

इनासला कुणी विचारलं नाही.
बावीस वर्षं रातपाळी. भिंतीला पाठ लावून
गोणपाटावर डोळे मिटायचा,
आणि मशीनचा सूर एक सूत हलला की
पाना घेऊन उभा.
त्याच सुरानं हळूहळू त्याचे कान नेले.
आश्विनात तो झोपला होता असं सगळे म्हणतात.
तो जागा होता. चहा करत होता.

मी भोंगा लावला, चाचणीचं बटण दाबलं.
फाटकातला कुत्रा उठून थेट समुद्राकडे पळाला.
इनास बशीत चहा ओतत राहिला.

मग दुपारी पुन्हा शिडी लावली.
त्याच्या भिंतीच्या समोर दोन दिवे,
वरच्या मर्यादेला लाल, खालच्या मर्यादेला पिवळा,
आणि त्यांना वेगळी बॅटरी,
कारण वीजच गेली तर मीटरही आंधळा.
दहा सेकंदांचा उशीर ठेवला.
सुरू होताना प्रत्येक मोटर हावरट असते,
तेवढ्यावर बोंब मारायची नसते.
आणि परतीला दोनाची ढील,
नाहीतर काठावरचा आकडा
दिव्याला रात्रभर उघडझाप करायला लावतो.

हे सगळं मी इनासला हातवाऱ्यांनी सांगितलं.
त्यानं दिव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.
बायको गेल्यापासून तो फारसा बोलत नाही,
मुलगा कुवेतला, फोनवर याला ऐकू येत नाही.
म्हणाला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं,
"असो एक माका पण लाव रे.
वरचो नको. खालचोच.
दिवसाक चार शब्दांपेक्षा कमी बोललंय,
तर पेटव."

मी हसलो. तो हसला नाही.
किती सेकंदांचा उशीर ठेवू, हे विचारायचं राहिलं,
आणि दिवा कुणाच्या भिंतीवर लावायचा तेही.

सातला कॉम्प्रेसर सुरू केला.
आकडा साठावर उडाला, भोंगा गप्प,
सातव्या सेकंदाला चौतीस, मग तेहतीस, मग बत्तीस पूर्णांक आठ.
इनासनं पाइपावरचं दहिवर बोटानं पुसलं
आणि तळहात कॉम्प्रेसरच्या पायावर टेकून
बराच वेळ तसाच उभा राहिला.

मी स्क्रू आवळले. पॅनेलचं दार लावलं.
बिलावर लिहिलं: मीटर एक, दिवे दोन,
भोंगा एक, गरज नाही, तरी ठेवला.