अठ्ठावीस मिनिटं

लिलावात दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही,
म्हणून ती आमच्या दारात आली.
एकवीस वर्षं शांतवननं चालवलेली तीच गाडी.
पोटात आता कॉट, दोन गाद्या,
सलाईनच्या हुकाला कंदील,
ऑक्सिजनच्या कप्प्यात शेगडी
आणि बशीर वेल्डरनं पैसे न घेता
मारून दिलेली भांड्यांची मांडणी.

पांढऱ्यावर हिरवा रंग दोनदा दिला.
तरी उन्हात तिरकं बघितलं की
बॉनेटवरची उलटी अक्षरं वर येतात,
पुढच्याच्या आरशात सुलट होणारी.
राहू दे, म्हटलं.
आता कुणाकडं वाट मागायची नाही आपल्याला.

शनिवारी दंडोबाला जायचं ठरलंय.
वर डोंगरावर नको, रात्री कुणी उठवायला येईल.
खाली भोशाच्या अंगाला
खोतांच्या द्राक्षबागेला लागून मोकळं रान आहे,
विहिरीला पाणी आहे,
कुत्रं आहे, पण ओळखीचं.

मी यादी करत बसले:
ज्वारीचं पीठ, खर्डा, भडंग दोन किलो
(दोन किलो कशाला, तो म्हणतो;
रात्र मोठी असते, मी म्हणते),
मच्छरदाणी, वीस लिटरचा कॅन,
त्याच्या बीपीच्या गोळ्या,
मोठ्या अक्षरांचं बायबल,
आभाळ कोरडं असलं तरी ताडपत्री.

"किती वेळ लागतो रे दंडोबाला?"
"अठ्ठावीस मिनिटं," वर न बघता.
"फाटक लागलं तर चौतीस."

सगळी गावं त्याला अशीच पाठ आहेत.
आरग सव्वीस. कवठेमहांकाळ बेचाळीस.
बेडग एकवीस, रस्ता झाल्यापासून एकोणीस.
किलोमीटर विचारले की डोकं खाजवतो.

म्हटलं, ह्या खेपेला दोन तास लाव.
"दोन तासांत कोल्हापूरला जाऊन येतंय माणूस."
थांबत थांबत जाऊ.
"कुठं थांबायचं?"

मग बराच वेळ गप्प.
त्या रस्त्यावर चहा कुठं चांगला मिळतो
त्याला माहीत नाही.
गतिरोधक माहीत आहेत,
कुठला अंगावर घेतला की मागचं माणूस ओरडतं तेसुद्धा.

कॅलेंडरच्या पाठीवर त्यानंच काढलेल्या नकाशावर
एका वळणाशी नख टेकवून म्हणाला,
"हितं कडुलिंब आहे. एक पोरगी झाली हितं.
सिस्टर नवीन होती, बाळाआधी तीच रडली.
मी बॅटरी धरून उभा.
वाटेत इंजिन बंद केलं ते तेवढ्या एकदाच."
नाव काय ठेवलं तिचं?
"कुणाला विचारणार. दुसरा कॉल आला."

मी यादीत लिहिलं: कडुलिंब. थर्मास.

बाकीच्या वळणांवर त्याचं नख थांबलं नाही
आणि मीही विचारलं नाही.

शुक्रवारी रात्री दारातच झोपून बघायचं ठरलं,
रंगीत तालीम.
कंदील लावला, दार ओढलं,
पाच मिनिटांत जुबेदा आली अनवाणी,
मागून तिचे सासरे,
हातात घासायची राहिलेली सतारीची खुंटी तशीच.
"कोण? भाऊ, का तुम्ही?"
कुणी नाही, म्हटलं. दोघंही बरे आहोत.
तिला पटेना. आत वाकून बघितलं.
शांतवन पाय लांब करून भडंग खात होता.
"मग गाडी कशाला?"
उद्या दंडोबाला जायचंय.
"कुणाकडं?"
कुणाकडं नाही.
सासऱ्यांनी खुंटी कानामागं खोचली,
चाकांभोवती एक फेरी मारली,
मूठभर भडंग घेतलं आणि तिथंच पायरीवर बसले.

उशिरा सगळे गेल्यावर विचारलं,
सायरन काढलास का रे?
तो छताकडं बघत होता.
"वायर तोडलीय," म्हणाला.
"बटण ठेवलंय."